नेलपॉलिशचा हिवाळा

दिवाळी उरकते, चिवड्याच्या डब्यात तळाशी नुसते शेंगदाणे आणि मीठ उरतं, आणि मग एके सकाळी आमच्या इथली हवा कोरडी झालेली असते. ओठ फुटतात. दोरीवरचा शर्ट बघता बघता खडखडीत होतो. शेंद्र्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधून तुरीची शेतं पिवळ्या फुलांनी भरलेली दिसतात आणि बसमधली माणसं बॅगेतून स्वेटर काढतात. मी खिडकीतून मुरूम बघतो.

मुरूम बघणं हे काही कोणाला अभिमानानं सांगण्यासारखं काम नाही. पण आमचा मुरूम पावसाळाभर चिखल असतो, उन्हाळ्यात त्याचं पीठ होतं, आणि मधल्या ह्या थंडीच्या दिवसांतच तो असा घट्ट बसतो की त्याच्यावर एखादी रिमोटची मोटार सोडावी. सोडावी म्हणजे कोणी लहान मुलानं असं नव्हे. मीच सोडतो. पन्नाशी उलटलेला, खरेदी विभागात टेबल अडवून बसलेला, गुडघ्याला पट्टा बांधणारा गृहस्थ. पहिली गाडी मी मुलाच्या नावावर आणली होती. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि "छान आहे, बाबा" म्हणून तो त्याच्या खोलीत गेला. आता तो बंगळूरला असतो. खोली अजून त्याचीच म्हणतात, पण पलंगाखाली माझी खोकी आहेत.

परवा मी त्यातलं एक खोकं ओढताना सुनंदा, म्हणजे आमची सौ., दारात येऊन उभी राहिली.

"मुरूम वाळला वाटतं."

"वाळतोय."

"मग यंदा काय बदलायचं?"

दरवर्षी हा प्रश्न ती अशा आवाजात विचारते, जसा डॉक्टर जुन्या पेशंटला विचारतो. यंदा मी म्हणालो, "काही नाही." ती आत गेली आणि कुकर लावला. मी काहीच बदलणार नाही हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. पण शिट्टी होईपर्यंत ती दोनदा येऊन माझ्याकडं बघून गेली.

माझा मेव्हणा मागं एकदा जेवताना सहज म्हणाला होता, "दाजी, ह्या गाड्या किती वर्षांनी बदलाव्या लागतात?" घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी विचारावी तसा. आता हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. कंपनीत कॉम्प्रेसर कधी बदलायचा, पट्टा कधी बदलायचा, बेअरिंग अजून किती दिवस ओढायचं, ह्याच्यावर मी भरल्या मीटिंगमध्ये बोलतो आणि लोक ऐकतात. मेव्हण्यासमोर मात्र माझा घास हातात राहिला. कारण आमच्या छंदात वस्तू झिजली म्हणून बदलली असं क्वचित होतं. दुसऱ्याची पुढं गेली म्हणून आपली बदलायची असते. आणि तीही जिंकायला नव्हे. नुसतं त्याच्या बरोबरीनं राहायला. एकाच तऱ्हेच्या, आमच्या भाषेत एकाच क्लासच्या, गाड्या असल्या तरच शेजारी शेजारी पळतात. एकाची तऱ्हा बदलली की दुसऱ्याला एकतर त्याच्यामागं बदलावं लागतं नाहीतर एकट्यानं फिरावं लागतं. हे मेव्हण्याला भाकरीच्या घासाबरोबर कसं सांगणार? मी म्हणालो, "असंच, दोन-तीन वर्षांनी." त्यानं मान डोलावली आणि ठेचा वाढून घेतला.

मुरूम वाळला की मला एकच हिवाळा आठवतो. त्याच्या आधी आणि नंतर बरेच हिवाळे गेले, पण ते एकमेकांत मिसळून गेले. तो एक वेगळा राहिला, कारण त्या हिवाळ्यात आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या गाड्या सारख्या होत्या.

एक मी, सोनवणे. दुसरे वानखेडे सर, शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि सुट्टीच्या दिवशीही हाताला खडू लागल्यासारखी बोटं झटकायचे. तिसरे रफिकभाई. गुलमंडीत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं: अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. बायका साडीचा पदर काउंटरवर टाकायच्या आणि भाई मागं न बघता हात लांब करून नेमकं तेच थान ओढायचे. माझी त्यांची ओळख फॉल आणायला गेलो तेव्हाच झाली. गल्ल्याशेजारी एक चिमुकला टायर पडला होता. मी तो उचलून म्हणालो, "हा पुढचा का मागचा?" भाईंनी कात्री खाली ठेवली. सुनंदा फॉल घेऊन घरी गेली तरी मी तिथंच होतो.

तिघांनी ठरवून एकाच कंपनीची, एकाच मापाची गाडी मागवली. रंग तेवढे वेगळे. आणि वानखेडे सरांनी नियम काढला: ह्या थंडीत कोणीही काहीही बदलायचं नाही. तुटलं तर तोच भाग, तसाच बसवायचा. मोटर तर उघडायचीच नाही.

"एकमेकांवर विश्वास नाही का काय, सर?" मी म्हणालो.

"विश्वास लई आहे," सर म्हणाले. "पण मोटर खोलायला दोनच स्क्रू लागतात."

म्हणून सील आलं. मोठ्या शर्यतींत म्हणे स्क्रूवर रंगाचा ठिपका देतात. स्क्रू फिरला की ठिपका तडकतो आणि चोरी कळते. आमच्याकडं रंग कुठला? सुनंदाच्या ड्रेसिंग टेबलवरची बाटली आली. तटस्थ पंच म्हणून तीच बसली. व्हरांड्यात सतरंजीवर तीन गाड्या उलट्या, चाकं वर करून, एका ओळीत, आणि ती चष्मा नाकावर घेऊन प्रत्येक मोटरच्या दोन्ही स्क्रूंवर ठिपका देत होती. आम्ही तिघं उकिडवे बसून बघत होतो. व्हरांडाभर तो नेलपॉलिशचा उग्र गोड वास.

"भाभी, ये मरून नहीं है," रफिकभाई वाकून म्हणाले. "ये वाइन है. मरून में काला जादा रहता."

"मग पुसू का?"

"नक्को नक्को. चलता. जच रा."

"हलवू नका कोणी, वाळू द्या," सुनंदा म्हणाली, आणि तीन बाप्ये माणसं ठिपके वाळेपर्यंत फुंकर मारत बसली.

मैदान म्हणजे शेंद्र्याच्या अलीकडचं एक ले-आउट. पांढऱ्या दगडांनी प्लॉट पाडलेले, रस्ते आखलेले, घर एकही नाही. एका कडेला तुरीचं शेत. आम्ही रविवारी सकाळी जायचो. सर फक्कीनं रेघ मारायचे, सायकलचे जुने टायर अर्धे पुरून वळणं करायचे. गाड्यांचा आवाज म्हणजे शिवणयंत्राचा, एकसारखा, कामात असलेला. तिन्ही गाड्या वळणावर एकमेकींना घासायच्या, उलटायच्या, चाकं हवेत फिरवत पडायच्या. मग ज्याची उलटली तो चप्पल सावरत धावायचा, आणि बाकीचे दोघं त्याच्यासाठी थांबायचे. थांबायचा नियम नव्हता. पण पुढं जाऊन करायचं काय? रेघेच्या पलीकडं कोणीच नव्हतं.

"सोनवणे साब, आपकी गाडी को चाय पिलाओ. बोहत आहिस्ता आ री."

"लई हुशारी करू नका भाई, फक्कीच्या आतनं घ्या," हे सर.

"हौ सर, हौ. वर्ग में खडे कर देते क्या मेरेकू?"

मी बहुतेक वेळा हरायचो. किती फरकानं? हातभर. कधी वीतभर. तेवढ्या अंतरानं हरण्यात जी सोबत असते ती मला पुढं कशातच मिळाली नाही. तुरीवरून थंड वारा यायचा, डब्यातला पोह्यांवरचा लिंबू हाताला लागलेला असायचा आणि त्याच हातानं ट्रिगर दाबायचा. रिमोटला अजून तो चिकटपणा असेल.

होळीच्या सुमाराला मुरूम सुटायला लागला, धूळ उडायला लागली, आणि हंगाम संपला. ठरल्याप्रमाणं सुनंदानं कापसाचा बोळा आणि रिमूव्हर घेतलं. माझं सील पुसलं, सरांचं पुसलं. भाईंनी गाडी पुढं केलीच नाही.

"मेरा राहू द्या भाभी. घाई काय आहे."

पुढच्या थंडीत मी जास्त जोराची, ब्रशलेस मोटर बसवून मैदानात उतरलो. कोणाला बोललो नव्हतो. वाटलं, गंमत करू. वानखेडे सरही काही बोलले नव्हते, आणि त्यांच्याही गाडीत तीच मोटर. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून इतकं हसलो की सरांच्या हातातली फक्की सांडली. मग जे होतं ते झालं. मोटर जोरदार झाली म्हणून प्लॅस्टिकचा गिअर दात सोडायला लागला, म्हणून लोखंडी गिअर. गिअर तुटेना म्हणून दांडी तुटली, म्हणून पोलादी दांडी. गाडी जड झाली म्हणून शॉकअप. शॉकअप उंच म्हणून टायर मोठे. एके दिवशी सुनंदा म्हणाली, "ह्यात आता पहिलं काय आहे?" मी शोधलं. वरची निळी बॉडी होती. ती पुढच्याच रविवारी दगडावर फुटली.

भाई त्याच गाडीनं यायचे. शिवणयंत्राच्या आवाजात. आमच्या गाड्या आता किंचाळायच्या. मागून ती किंकाळी ऐकू आली की भाई आपली गाडी अदबीनं कडेला घ्यायचे, लग्नात जेवणाच्या वाटेवर माणूस भिंतीला चिकटतो तशी, आणि म्हणायचे, "जाओ, जाओ." आम्ही जायचो. एक फेरी मारून यायचो तोवर ते परत कडेला. हळूहळू त्यांचे रविवार कमी झाले. "लगन का सीजन है," म्हणायचे. लग्नसराई होतीही. गुलमंडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अस्तराशिवाय कोणाचं लग्न होतं?

मग सरांनी ड्रोन घेतला. काही दिवस ते माझ्याच मैदानात, माझ्याच शेजारी उभे असायचे, पण मान वर. "जयभीम, सोनवणे साहेब," आभाळाकडं बघतच म्हणायचे. मीही माझ्या गाडीकडं बघतच "जयभीम, सर" म्हणायचो. पुढं प्लॉटवर घरं उठायला लागली, स्लॅब पडले, वायरी आल्या. सरांना मोकळं आभाळ लागायचं, ते लांब कुठं तरी जायला लागले. माझ्याकडं तोवर गाडी जाऊन ट्रक आला होता. ढोपराएवढ्या चाकांचा. मुलाला व्हिडिओ पाठवला तर तो म्हणाला, "बाबा, कसला पळतो." पळत असेल. मला कळायचं नाही. शेजारी दुसरं काही नसलं की गाडी पळते का रांगते हे कळायला नुसते पांढरे दगड उरतात.

यंदा पाऊस ओसरताना रफिकभाई घरी आले. हातात त्यांच्याच दुकानाची कापडी पिशवी. दुकान विकून टाकलं म्हणाले. मुलगा हैदराबादला असतो, त्याच्याकडं चाललो. सुनंदानं चहा ठेवला. भाईंनी पिशवीतून एक गाठोडं काढलं, वर अस्तराचं कापड, मऊ, फिकट पिस्ता रंगाचं. आत ती गाडी. उलटी करून त्यांनी माझ्यासमोर धरली. दोन्ही स्क्रूंवर ठिपके तसेच होते.

"कोणी ना कोणी परत येईल वाटलं ह्या क्लासमधे," ते म्हणाले. "तुम्ही ठेवा. पण चलवा. खडी रही तो टायर बैठ जाते."

मी गाडी दोन्ही हातांनी घेतली. म्हणालो, "रविवारी एक शर्यत. चिखलात का होईना. तुमच्या क्लासमधे."

"तुमची तशी कुठं राहिली, साब?"

"होईल."

होणारच होती. आमच्या जातीचा माणूस काढलेला भाग टाकत नाही. मुलाच्या पलंगाखालचं शेवटचं खोकं त्या सगळ्या काढलेल्या वस्तूंचं होतं: जुना सांगाडा, जुनी मोटर, दात झिजलेला गिअर, गुळगुळीत टायर, जुना रिमोट. रोज जेवणं झाली की मी खाली बसून बांधत होतो. नवी बाजूला ठेवून जुनी बांधायची. कंपनीत असा प्रस्ताव कोणी माझ्याकडं आणला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं. जुन्या मोटरच्या स्क्रूच्या खाचेत वाइन रंगाचा एक कण अडकलेला होता, पुसायचा राहून गेलेला. निळी बॉडी तेवढी नव्हती. नागडीच गाडी उभी केली.

शनिवारी भाईंचा फोन आला. सामानाचा ट्रक एक दिवस आधीच आला, मुलगा घाई करतोय, निघालो. "शर्यत उधार," म्हणाले.

ते गेल्यावर मला कळलं की पिशवीत रिमोट नाही. असा विसर आमच्याच लोकांना पडतो. गाडी अस्तरात गुंडाळून प्रेमानं द्यायची आणि जिच्यावाचून ती दगड आहे ती वस्तू सवयीनं स्वतःच्या हातात ठेवायची. मी फोन केला.

"अरे तौबा. हौ, इधरच है. कपड्यांच्या गठ्ठ्यात आला."

"पाठवून द्या की."

भाई म्हणाले, "पाठवतो. दुपार को गॅलरी में बैठता ना, तो हाथ में लेता. ट्रिगर नरम है. अच्छा लगता."

मी पुन्हा मागितला नाही. तसा माझा जुना रिमोटही त्या गाडीला चालला असता. गाडीची नव्या रिमोटशी गाठ बांधायची, एक बटण दाबून धरायचं, बस. पण ती गाडी एका वेळी एकच रिमोट ओळखते. माझा ओळखला की भाईंचा विसरणार. म्हणजे हैदराबादच्या गॅलरीत बसलेल्या माणसाच्या हातात नुसतं प्लॅस्टिक राहणार. आणि नाही बांधली गाठ, तर माझी नागडी गाडी पुन्हा एकटी. मुरूम वाळत आला तरी मी काही ठरवलं नाही. भाईंची गाडी मुलाच्या ढालींशेजारी शोकेसमध्ये उभी होती. कधी मधी मी तिचं बटण चालू करायचो. रिमोट सापडेपर्यंत तिचा लाल दिवा उघडझाप करतो. तो करत राहायचा. मी बंद करायचो.

शेवटी भाईंनीच फोनवर विचारलं, "चलाई क्या?"

"नाही."

"कैकू?"

मी सांगितलं. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "सोनवणे साब, इधर सामने की छत पे कबूतर हैं. रिमोट दबाके कबूतर हिलाऊँ क्या मैं? बांध लो गाठ. टायर बैठेंगे." आणि मग, "सील मत तोडना फक्त."

"तोडत नाही."

सुनंदाला ती बाटली ड्रेसिंग टेबलच्या मागच्या खणात सापडली. पार वाळलेली. तिनं रिमूव्हरचे थेंब टाकले, हलवली, परत टाकले, परत हलवली. माझ्या मोटरच्या स्क्रूंवर ठिपके दिले. थोडे दाट झाले. "वाइनच आहे ना हा?" तिनं विचारलं. खात्री करायला आता कोणाला विचारणार? दोघांनी फुंकर मारली.

काल रविवारी दुपार कलल्यावर गेलो. ले-आउट आता अर्धं घरांचं झालंय. एका बाजूला कपडे वाळत होते, दुसऱ्या बाजूला अजून तूर आहे. फक्की नेली होती. रेघ मारली, सरांइतकी सरळ नाही आली. भाईंच्या गाडीचं बटण दाबून धरलं. लाल दिवा काही वेळ भराभर उडाला आणि मग स्थिर झाला. खिशातला फोन काढून बघितला, उगाच. काही नव्हतं.

रिमोट चालवायला दोन्ही हात लागतात, एक ट्रिगरला, एक रिमोटवरच्या वळवायच्या चाकाला. आणि मी एकटा. म्हणून दोन्ही गाड्या एकाच रिमोटला बांधल्या आणि रेघेवर शेजारी शेजारी लावल्या. ट्रिगर दाबला.

दोन्ही एकदमच निघाल्या. तो आवाज, शिवणयंत्राचा, दुहेरी, कितीतरी वर्षांनी. मी डावीकडं वळवलं, दोन्ही वळल्या. उजवीकडं, दोन्ही उजवीकडं. एकच बोट, एकच हुकूम, सारख्या मोटरी, सारखे ठिपके, आणि तरी भाईंची गाडी पुढं. हातभर. मी मोठ्यानं म्हणालो, "भाई, चहा पाजलाय का हिला?" कपडे काढायला आलेल्या बाईनं माझ्याकडं बघितलं.

मग लक्षात आलं की दोघींच्या मधलं अंतर वाढतंय. एखादा खडा, एखादी खाच. तोंडं जराशी वेगळी झाली की एकच वळण दोघींना दोन दिशांना नेतं. भाईंची नव्या सडकेकडं निघाली होती, माझी तुरीकडं. एकीला परत फिरवलं की दुसरी आणखी लांब. थांबवून, चालत जाऊन, दोन्ही उचलून पुन्हा लावता आल्या असत्या. पण सडकेवरून एक टेम्पो येत होता, आणि हातात एकच चाक होतं. मी भाईंच्या गाडीकडं बघत राहिलो. ती वळवली, सरळ केली, दगडांमधून काढली, आणि फक्कीच्या रेघेवर आणून उभी केली. दिवा लागलेला, स्थिर.

माझी तोवर तुरीत शिरली होती.

ऊन उतरलं होतं. मी तुरीच्या ओळींत वाकून शोधत होतो, पिवळी फुलं डोक्यात पडत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"चलाई?"

"चलवली."

"कौन जीता?"

"तुम्ही."

"झूठ. कितने से?"

मी मागं वळून बघितलं. रेघेवर ती एकटी उभी होती.

"सांगता येत नाही, भाई," मी म्हणालो. "माझी अजून आलेली नाही."